सोबतीची जागा

वाघणीच्या कातळावर विमान उतरू लागून बरीच वर्षे झाली होती, तरी वाड्यांवरचा आजारी माणूस अजून डोलीतूनच खाली जात होता. विमान पत्र्याच्या शेडमध्ये उभे असायचे, यमुना लांबोर त्याच्या काचा पुसत असायची, आणि समोरच्या पायवाटेने चार माणसे बांबूला बांधलेली डोली खांद्यावर घेऊन घाट उतरत असायची. जाताजाता एखादा तिला हात करायचा. तो हात तिला चपराकीसारखा लागायचा.

कातळ म्हणजे डोंगराच्या डोक्यावरचे जांभ्या दगडाचे सपाट पठार. खाली जाणारा घाटरस्ता दरडींनी खाल्ला होता. बांधायचा, आणि पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा दरीत जायचा. शेवटी सरकारने त्याचा नाद सोडला आणि अशा डोंगरमाथ्यांना लहान दोन खुर्च्यांची विमाने दिली. यमुना याच वाडीतली, गवळी धनगराची पोर. रत्नागिरीला जाऊन ती विमान चालवायला शिकली. तिने पहिल्यांदा विमान कातळावर टेकवले त्या दिवशी तिच्या बापाने, भागोजीने, नव्या म्हशीला थोपटावे तसे त्याचे नाक थोपटले होते.

मग वाडीतला जानू कोकरे गेला. त्याच्या छातीत कळ आली आणि यमुनाने त्याला विमानात घातले. विमान अरुंद, एकामागे एक अशा खुर्च्या. यमुना पुढे, जानू मागे. कानाला लावलेल्या यंत्रातून ती त्याच्याशी बोलत होती, तो हं हं म्हणत होता. खाडी दिसायला लागली तेव्हा हुंकार थांबला. मागे वळून बघायला तिला जागा नव्हती.

डोलीत असता तर घाटही उतरला नसता, असे डॉक्टर म्हणाले. वाडीने ते ऐकून घेतले. पण वाडीचे दुःख वेगळे होते. डोलीबरोबर एक माणूस उशाशी चालतो. त्याने डोलीला खांदा द्यायचा नसतो. आजाऱ्याच्या अंगावर हात ठेवायचा आणि बोलत राहायचे, एवढेच त्याचे काम. भागोजीने जन्मभर तेच केले होते. जानूच्या अंगावर शेवटी कुणाचा हात नव्हता, तो खुर्चीच्या पाठीकडे बघत गेला, हे कुणाच्या गळी उतरत नव्हते. यमुनाशी भांडायला कुणी आले नाही. विमानात बसायचे तेवढे बंद झाले.

ते विमान जुने झाले आणि नवे निवडायची वेळ आली. शिफारस यमुनाने करायची, शिक्का ग्रामसभेने मारायचा, असे ठरले. पाऊस सरता सरता दोन विमाने कातळावर येऊन उभी राहिली. एक लांब, निमुळते, जुन्यासारखेच एकामागे एक बसायचे, पण बरेच वेगवान. त्याला वाडीने बगळा म्हटले. दुसरे पोटात रुंद, खुर्च्या शेजारी शेजारी, दार इतके मोठे की आडवा माणूस आत सरकवता यावा. त्याचे नाव पाहताक्षणीच म्हैस पडले. गवळ्यांच्या वाडीत याहून मोठा मान नाही.

म्हैस घेऊन आला होता तो इंजिनियर, शकील मुकादम. राजापूरकडचा, काटकुळा, बोलका. त्याने ग्रामसभेला समजावून सांगितले ते असे. विमानाचा पंख वाऱ्यावर उचलला जातो. साधे विमान तो वारा धावून मिळवते, म्हणून त्याला लांब पट्टी लागते. म्हशीच्या पंखाच्या पुढच्या कडेला छोट्या पंख्यांची एक ओळ होती. ते पंखे फिरले की त्यांचा झोत थेट पंखावरून वाहायचा. विमान जेमतेम हलत असले तरी पंखाला वाटायचे की आपण भरधाव चाललोय, आणि तो वजन पेलायचा. उतरतानाही तसेच, म्हणून ती इतक्या सावकाश उतरायची की बगळ्याच्या निम्म्या जागेत थांबायची. कल्पना जुनीच होती, पण इतके पंखे फिरवायला लागणारी बॅटरी पूर्वी इतकी जड असायची की विमानाने फक्त तिलाच उचलावे. आता कुठे हलक्या बॅटऱ्या निघाल्या होत्या.

वाघणीच्या पट्टीला एका टोकाला दरी होती आणि दुसऱ्या टोकाला देवराई. पट्टी वाढवायला जागाच नव्हती, त्यामुळे हे सगळ्यांना पटले. पण म्हशीचे तोटेही होते आणि यमुनाने ते स्पष्ट सांगितले. रुंद पोटाला वारा अडवतो. ती रत्नागिरीपर्यंत जाईल, कोल्हापूर गाठणार नाही. बगळा गाठेल.

डोलीवाल्यांत सगळ्यात थोराड असलेला धोंडू झोरे म्हणाला, बसून बघितल्याशिवाय काय कळतं. तो बगळ्यात चढला. त्याचे गुडघे कानाला लागले आणि बाहेर काढताना दोघांना ओढावे लागले. मग तो म्हशीत चढला, खुर्चीवर चक्क मांडी घातली, कनवटीची तंबाखू काढून मळायला लागला.

"हितं पंगत बसंल," तो म्हणाला.

सगळे हसले. अनुसया कोकरे हसली नाही. ती सरपंच, आणि जानूची सून. तिने विचारले, जागा एवढी आहे तर माणसे तीन का बसत नाहीत. शकीलने सांगितले, जागा आहे पण वजन तिघांचे उचलणार नाही, या पट्टीवरून तर नाहीच. दोनच.

"मग आजारी एक न् सोबतीचा एक. यमुनाबाय कुठं बसायची?"

शकीलने मान खाजवली. यमुनाकडे न बघता तो म्हणाला, "ती बसलीच पाहिजे असं नाही. हे विमान आपलं आपण जातं. मी रत्नागिरीत पडद्यावर लक्ष ठेवतो, तेवढं पुरतं."

त्या दुपारी यमुनाने शेडचे दार जरा जोरात ओढून घेतले.

घरी जेवताना तिने बापाला सरळ विचारले, तुझे मत कुणाला. भागोजी भाकरी मोडत राहिला. त्याचे गुडघे आता गेले होते, घाट उतरणे सुटले होते. तो म्हणाला, म्हशीत माणूस बसेल, बगळ्यात बसणार नाही.

"म्हणजे मी उतरायचं."

"मी तसं म्हटलं नाय."

"मग कसं म्हटलं, बा?"

तो उठून हात धुवायला गेला. सबंध मुलूख पालथा घालून मिळवलेली ती एक खुर्ची होती. तिच्यासाठी यमुनाने लग्न मोडले होते, आईचे अबोले सोसले होते. ती खुर्ची कुणा सोबत्याला मांडी घालून बसता यावे म्हणून सोडायची, हे तिला गिळवेना. ग्रामसभेत ती बगळ्याच्या बाजूने बोलली. कोल्हापूरचे मोठे दवाखाने, वेग, हाताशी माणूस असल्याचा भरवसा. तिचे बोलणे खोटे नव्हते. तरी ठरले असे की म्हशीने एकदा रिकामे, आपले आपण येऊन दाखवावे, मग निकाल.

म्हैस यायच्या दिवशी यमुना पहाटे पट्टीवर गेली तेव्हा तिला हसावे की रडावे कळेना. वाडीच्या बायका आदल्या दिवसापासून शेण गोळा करत होत्या. नवी म्हैस दावणीला येते तेव्हा गोठा सारवतात, अंगण सारवतात, ही तर आभाळातून येणार होती. चाके जिथे टेकायची तो पट्टीचा सगळा माथा त्यांनी हिरवागार सारवून काढला होता आणि कडेला रांगोळीची वेल ओढली होती. अनुसया कमरेवर हात देऊन उभी होती. कसे काय दिसते, असे तिने विचारले. छान दिसते, असे यमुना म्हणाली, आणि ते खरे होते.

म्हैस वेळेवर आली. पंख्यांची बारीक घरघर करत खाली उतरली, पट्टीवर आली, जरा थबकल्यासारखी झाली, मग नाक उचलून वर गेली. एक घेर घेतला. पुन्हा आली, पुन्हा वर गेली. तिसऱ्यांदा ती आलीच नाही, तोंड फिरवून रत्नागिरीकडे निघून गेली. बायका आभाळाकडे बघत राहिल्या. धोंडू म्हणाला, पान्हा चोरला की काय हिनं.

यमुनाला आनंद झाला. तो तिने चेहऱ्यावर येऊ दिला नाही, पण स्वतःपासून तिला तो लपवता आला नाही.

संध्याकाळी शकीलचा फोन आला. म्हशीची चूक नव्हती, असे त्याचे म्हणणे. तिला डोळे आहेत, पण तिने आजवर जे बघितले तेवढेच तिला ठाऊक. कोरडा जांभा, डांबर, गवत. ओले सारवण तिने जन्मात बघितले नव्हते. तिने रंग बघितला, ओली चकाकी बघितली, आणि ठरवले की हा चिखल, इथे चाक रुतेल. आत माणसे असोत नसोत, चिखलात उतरायचे नाही, हे तिला पढवलेले. ती शहाणपणानेच वागली. बायकांना पुन्हा न सारवायला सांगितले की झाले, असे तो म्हणाला.

यमुनाने फोन ठेवला. बायकांना कुणी सांगायचे? अनुसयाला सांगून एकवेळ भागेल, पण उद्या कुणाची लेक बाळ घेऊन परत आली, कुणी बरा होऊन आला, की कुणीतरी सारवणारच. आणि सारवले आहे म्हणून विमान आजाऱ्याला न उतरवता फिरले, असे एकदा झाले तरी पुरे. तिने मनातल्या मनात बगळ्याच्या नावावर शिक्का मारून टाकला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चंद्रा झोरेला कळा लागल्या. धोंडूची नातसून ती, पहिलटकरीण, आणि मूल पायाळू आहे असे खालच्या दवाखान्यातल्या नर्सने आधीच सांगून ठेवले होते. बगळा चाचणीसाठी शेडमध्येच होता. यमुनाने तो बाहेर काढला, पंखा फिरवला. चंद्रा दारात खांबाला धरून उभी होती. तिने मान हलवली.

"मागच्या खुर्चीत मी नाय बसायची. जानूदादांसारखं..." तिने खांब आणखी घट्ट धरला.

यमुनाने सांगून पाहिले की मी कानात बोलत राहीन. चंद्राच्या सासूने सांगितले, बोलणं नको, हात पायजे. एवढे बोलून ती डोलीत गोधडी पसरायला लागली.

उशाशी चालायला भागोजीला जमणार नव्हते. त्याने लेकीकडे बघितले, आणि ती डोलीच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली. जन्मभर तिने ते काम लांबून बघितले होते. आता कळले की त्यात हात कधी रिकामा होत नाही. वाट वळली की तोल बदलतो, फांदी आली की डोके वाचवायचे, कळ आली की बोटे चिरडून घ्यायची, आणि काहीतरी बोलत राहायचे. ती विमानाबद्दल बोलली, दुसरे तिला येत नव्हते. वरून घाट कसा दिसतो, नदी कशी दोरीसारखी. चंद्राने मध्येच विचारले, खरेच का दोरीसारखी, आणि पुन्हा तिचा हात आवळला. ओढ्यावरच्या तुटलेल्या पुलाशी पाण्यातून जाताना यमुनाने एकदाच मागे वर बघितले. कातळाच्या कडेवर बगळ्याची शेपटी दिसत होती.

नर्स निम्म्या वाटेत भेटली म्हणून निभावले. बाळ घाटातच, जांभळीखाली जन्मले, पायाळू. आधी रडेना, मग रडले. चंद्राला नदीकाठच्या दवाखान्यात नेले, तिथे तिला रक्त मिळाले. दोघे वाचली. पण यमुनाच्या बोटांवर चंद्राच्या नखांचे वण बरेच दिवस राहिले.

ती ग्रामसभेत उभी राहिली आणि म्हणाली की मी माझे मत फिरवते. बगळा कितीही चांगला असला तरी त्यात बसणार कोण? शिमग्यापर्यंत मुदत द्या, मी म्हशीला सारवण शिकवते.

"न् शिकली तर तुझं काय गं?" अनुसयाने विचारले.

"ते मग बघू."

शकील म्हैस घेऊन वर राहायला आला. शिकवायची रीत अशी की यमुनाने विमान चालवायचा दांडा हातात घेऊन उतरायचे आणि म्हशीने नुसते बघायचे. धुक्यात, गवत वाढले असताना, पट्टीवर गुरे बसली असताना. बायकांनी रोज थोडे थोडे सारवले, आज ओले, उद्या अर्धे वाळलेले. देवराईच्या झऱ्याशी खरा चिखल होता, त्याच्यावरूनही ती घिरट्या घालायची, म्हणजे म्हशीला फरक कळावा. यमुनाच्या ध्यानात होते की आपण आपल्याच खुर्चीचे पाय तोडतोय. पण शिकवताना तिला मजा यायला लागली हेही खरे. म्हैस चुकायची, मग कमी चुकायची. फक्त ओले सारवण आणि ओला चिखल यांच्यापाशी ती अडून बसायची. कधी बरोबर, कधी उलटे.

एकदा सकाळच्या तिरप्या उन्हात ती सलग बरोबर ओळखत गेली. शकीलने पडदा यमुनाकडे वळवला. म्हैस जिथे जास्त निरखून बघते ती जागा पडद्यावर उजळते. उजळलेल्या होत्या त्या अर्ध्या चंद्रासारख्या रेघा, एकीला लागून एक, ओळीने.

"यमुनाताई, हे काय आहे? मला तर कळत नाही, पण हिला यावरूनच कळतंय."

यमुनाला बघताक्षणी ओळखू आले. सारवताना हात जसा फिरतो तसे ते उमटलेले बोटांचे वळसे होते. कडेला बसलेली चंद्राची सासू वाकून पडद्याकडे बघू लागली आणि हा माझा हात, असे अभिमानाने म्हणाली.

"चिखलावर कुणाचा हात फिरलेला नसतो," यमुना म्हणाली.

मग त्यांनी तेवढेच धरून शिकवले. उन्हे डोक्यावर असताना वळसे दिसत नाहीत, तेव्हा म्हशीने पट्टीच्या कडेने घेर घेऊन तिरपे बघायचे, हे शकीलने बसवले. शिमग्याच्या आधी निकाल लागला. म्हैस वाघणीला राहिली. कोल्हापूरला जायची वेळ आली तर रत्नागिरीहून दुसरे विमान पुढे न्यायचे ठरले. यमुनाला पलीकडच्या कातळांवरून बोलावणी यायला लागली. कुठे पट्टीवर भात वाळत घालत, कुठे जत्रेत तीवर दुकाने लागत. तिथल्या म्हशींनाही शिकवायचे होते. ती जायची, शिकवायची, परत यायची. दांडा हातात असायचा तो आता शिकवण्यापुरता.

पुढच्या हिवाळ्यात भागोजीच्या छातीत कळ आली.

त्याला आत सरकवून आडवा केला आणि सोबतीला कोण, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी यमुनाकडे बघितले. यमुना शेजारच्या खुर्चीत बसली. दांडा दोन्ही खुर्च्यांच्या मध्ये, तिच्या डाव्या हाताशी होता. तो हात बापाने धरला होता. म्हैस उडाली. यमुना बोलत राहिली. वाटेत त्याचे डोळे मिटले तेव्हा तिने बोटे त्याच्या नाडीवर सरकवली, नाडी लागत होती, आणि ती खाडी येईपर्यंत तशीच धरून ठेवली. रत्नागिरीत त्याच्या हृदयाची बुजलेली नळी मोकळी केली. थोडक्यात गाठलेत, असे डॉक्टर म्हणाले.

काही दिवसांनी ती दोघे परत निघाली. थंडीचे दिवस, लख्ख दुपार. डोंगर ओलांडला आणि कातळ समोर आला, तेव्हा पट्टीचा माथा यमुनाला हिरवागार आणि ओला चकाकताना दिसला. भागोजी लांबोर बरा होऊन घरी येणार म्हणून सबंध माथा सारवला होता. ऊन बरोबर डोक्यावर होते. कडेला बायका उभ्या होत्या, ठिपक्यांसारख्या.

म्हैस खाली आली, थबकली, आणि नाक उचलून वर गेली.

यमुनाचा डावा हात दांड्याकडे जायला निघाला. तो सोडवून घेतला तर म्हैस आपण उतरवू, कातळ आपल्या हाताखालचा आहे. भागोजीने डोळे उघडले नव्हते, पण त्याची पकड घट्ट झाली. यमुनाने हात तिथेच राहू दिला. म्हैस कडेने वळली, एका अंगावर कलली, सारवणावरून तिरपी नजर टाकत देवराईच्या टोकापर्यंत गेली. पंख्यांचा आवाज बदलला. नाक खाली झुकले. चाके इतकी हळू टेकली की टेकल्याचे बायकांच्या गलक्यावरूनच कळले.

भागोजीने डोळे उघडले.

"कुणी उतरवलं?"

"तिनंच."

"मग तू काय करत होतीस?"

"उशाशी होते, बा."

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि तिचा हात आणखी थोडा वेळ सोडला नाही. बाहेरून कुणीतरी दार उघडले. धोंडू डोली घेऊन आला होता, घरापर्यंतच्या चढासाठी. अनुसया मात्र त्यांच्याकडे बघत नव्हती. ती खाली वाकून हाताच्या वळशांवरून गेलेल्या चाकांच्या दोन रेघा न्याहाळत होती.

"उखडलं की गं सगळं," ती म्हणाली, आणि पुन्हा सारवायला पाटी आणायला वळली.